रानाचा हिशोब

आम्ही मुळशी तालुक्यातल्या चांदे गावातून बोलतोय. आजचा विषय गणिताचा आहे, पण उठून जाऊ नका. हे गणित रानातलं आहे. किती कळक तोडला तर बेट टिकेल, जनावरं पिकात का उतरतात, नुकसान खरं किती झालं, असे प्रश्न मोजमाप आणि आकडेमोड करून सोडवायचे, याला गणिती परिसरशास्त्र म्हणतात. आपल्या देशात हे शास्त्र रुजवणाऱ्यांमध्ये एक मोठं नाव पुण्याचं आहे.

ते म्हणजे माधव गाडगीळ. जन्म १९४२ सालचा. वडील धनंजयराव गाडगीळ, प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला त्यात विठ्ठलराव विखे पाटलांच्या सोबत होते ते. माधवराव फर्ग्युसन कॉलेजात शिकले, पुढे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. पत्नी सुलोचनाबाईही पुण्याच्याच. त्यांनी हार्वर्डला गणिताची पदवी मिळवली आणि पुढे जन्मभर पावसाळ्याचा अभ्यास केला. पन्नासएक वर्षांपूर्वी पुण्याची एक मुलगी गणितातून मान्सूनकडे गेली, हे आपल्या शाळकरी मुलींना जरूर सांगा.

हार्वर्डला माधवरावांनी काय सोडवलं? आपण रोज पाहतो तेच. घायपात वर्षानुवर्षं नुसती वाढते, एकदा मोठा दांडा काढून फुलते आणि मरते. आंबा मात्र पुन्हा पुन्हा मोहरतो. असं का? घरात येणाऱ्या पैशातला किती आज खर्चायचा आणि किती उद्यासाठी ठेवायचा, हा हिशोब आपण बायका करतोच. झाडालाही अन्न वाढीला द्यायचं की बियांना, हा हिशोब असतो. माधवराव आणि त्यांचे शिक्षक विल्यम बॉसर्ट यांनी तो गणितात मांडला आणि १९७० मध्ये छापला. जगभरचे अभ्यासक आजही त्याचा आधार घेतात.

१९७१ मध्ये गाडगीळ दांपत्य परत आलं. पुण्याच्या आजच्या आघारकर संशोधन संस्थेत माधवरावांना वनस्पतींचे जाणकार वा. द. वर्तक भेटले. दोघं सह्याद्रीतल्या देवराया पायी फिरले, कुठे कोणती झाडं राहिली त्याची नोंद केली. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची देवराई तोडली जाणार होती. गावकऱ्यांनी या दोघांना साकडं घातलं, कारण गावचा ओढा त्या राईच्या जिवावर वाहत होता. दोघांनी शब्द टाकला आणि राई वाचली. देवाचं रान म्हणजे पाण्याचं रान, हे गावाला आधीच माहीत होतं.

१९७३ मध्ये माधवराव बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले. तिथे त्यांच्याभोवती विद्यार्थी आणि प्राध्यापकांचा गट जमला. कुणी गणितातून आलेलं, कुणी प्राणिशास्त्रातून. कर्नाटकात तेव्हा कागद कारखान्यांच्या तोडीमुळे कळक संपत चालला होता. या गटाने बेटं मोजायला घेतली. कारखान्याची माणसं तोडायला सोपं जावं म्हणून बेटाच्या बुंध्याचे काटे साफ करत. रानातली माणसं म्हणत, काटे काढू नका, कोवळे कोंब जनावरं खातात. मोजणी झाली तेव्हा गावकऱ्यांचं म्हणणं खरं निघालं. काट्यांचं कुंपण गेलं की नवा कळक वाढतच नव्हता.

१९८३ मध्ये त्याच संस्थेत परिसरशास्त्राचं वेगळं केंद्र सुरू झालं. माधवरावांचे विद्यार्थी रामन सुकुमार यांनी हत्तींचा अभ्यास केला. पिकात हत्तिणींपेक्षा नर हत्ती जास्त उतरतात, हे त्यांनी नोंदींवरून दाखवलं. याच केंद्रात शिकलेले मिलिंद वाटवे पुण्याला आले. आधी गरवारे कॉलेजात आणि नंतर आपल्या जवळच्याच पाषाणच्या आयसर संस्थेत त्यांनी मुलं घडवली.

आता ऐका आपल्या कामाची गोष्ट. वाटवे सर, त्यांचे विद्यार्थी आणि स्थानिक मुलं चंद्रपूरकडे ताडोबाच्या कडेच्या शेतात उतरली. जंगलाच्या कडेला पीक किती येतं, लांबच्या शेतात किती येतं, हे त्यांनी ताडून पाहिलं. २०१६ मध्ये निष्कर्ष छापला: डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा खरं नुकसान बरंच जास्त असतं. कारण उघड आहे. हरभरा लहान असताना जनावर शेंडे खाऊन जातं, झाड पुन्हा फुटतं, वरून हिरवं दिसतं, पण दाणा कमी भरतो. पंचनाम्याला माणूस येतो तेव्हा तुडवलेलं दिसतं, कमी भरलेला दाणा दिसत नाही. तो तोटा निमूटपणे घरातली बाई सोसते. कधी दूध कमी घेऊन, कधी मुलीची फी थांबवून.

मैत्रिणींनो, या पन्नास वर्षांत आम्हाला एक गोष्ट दिसते. मोठ्या संस्थेतलं गणित तेव्हाच बरोबर आलं, जेव्हा त्याने रानात वावरणाऱ्या माणसाला विचारलं. आणि गावाचं म्हणणं तेव्हाच टिकलं, जेव्हा त्याला आकड्यांची जोड मिळाली. आमच्याकडे हिंजवडीच्या इमारती डोंगरापर्यंत येऊन ठेपल्यात. इथे काय होतं हे नोंदलेलं नसेल, तर उद्या कुणी मानणार नाही.

म्हणून बचत गटाच्या वहीत मागची दोन पानं रानासाठी ठेवा. रानडुक्कर कोणत्या तारखेला आलं, कोणत्या पिकात, ते पीक तेव्हा किती वाढलेलं होतं, एकरी किती पोती निघाली, ओढा कधी आटला, हे लिहा. लिहिता येत नसेल तर नातीला सांगा. बचतीचा पै-पैचा हिशोब आपण चोख ठेवतो. आता रानाचाही ठेवूया.