काटक्यांच्या जाळावर पेटलेलं इंजिन

मोटारीचं बॉनेट उघडलं की हल्ली एक काळं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं. त्याखाली बहुतेक वेळा तीन किंवा चार सिलिंडर एका ओळीत उभे असतात. या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाला आजचं रूप कसं आलं, ही गोष्ट फार लांबलचक आहे. तिच्यातला एकच प्रसंग आज सांगतो.

१९७० साली अमेरिकेनं हवाशुद्धीचा कायदा कडक केला. १९७५ पासून नव्या मोटारींच्या धुरातले कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन ९० टक्क्यांनी कमी व्हायला हवेत, आणि त्यानंतरच्या वर्षी नायट्रोजनची ऑक्साइडंही. डेट्रॉइटच्या बड्या कंपन्यांनी मुदत अशक्य असल्याचं सांगून हात वर केले. जपानमधल्या होंडा कंपनीला मोटारींच्या धंद्यात जेमतेम सात-आठ वर्षं झाली होती. तिनं मात्र हे आव्हान घेतलं.

पण त्याआधी घरातलंच एक भांडण मिटवावं लागलं होतं. कंपनीचे संस्थापक सोइचिरो होंडा हे लोहाराचे चिरंजीव, स्वतः हाडाचे कारागीर. इंजिन हवेनंच थंड करायचं, हा त्यांचा हट्ट. पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनातलं पाणीही शेवटी हवाच थंड करते, मग मधला दलाल कशाला, असा त्यांचा सवाल. युक्तिवाद बिनतोड वाटतो खरा. पण १९६९ साली आलेली त्यांची हवेवर थंड होणारी ‘होंडा १३००’ जड आणि महागडी निघाली. शिवाय सिलिंडरचं तापमान आटोक्यात नसेल, तर धूर आटोक्यात आणणं कठीण. तरुण अभियंते हे जाणत होते, पण साहेबांना सांगणार कोण? अखेर होंडांचे जुने भागीदार ताकेओ फुजिसावा यांनी त्यांना विचारलं, की तुम्हाला कंपनीचे अध्यक्ष म्हणून राहायचंय की अभियंता म्हणून? होंडांनी अध्यक्षपद निवडलं आणि पाण्याच्या इंजिनाला वाट मोकळी झाली.

आता मुख्य अडचण. एक भाग पेट्रोल पुरतं जळायला वजनानं साधारण पंधरा भाग हवा लागते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड वाढतो. हवा बरीच जास्त ठेवली तर तिन्ही विषारी घटक घटतात, पण असं विरळ मिश्रण ठिणगीनं नीट पेटतच नाही. आपल्या आया-आज्या चूल पेटवताना जाड ओंडक्याला थेट काडी लावत नसत. आधी काटक्या, चिपाडं पेटवत. होंडाच्या अभियंत्यांनी नेमकं हेच केलं. प्रत्येक सिलिंडरच्या माथ्यावर त्यांनी एक चिमुकली कोठडी ठेवली आणि तिला वेगळी, तिसरी झडप दिली. या कोठडीत पेट्रोलनं समृद्ध मिश्रण यायचं, ठिणगी तिथं पडायची, आणि तिथून निघालेली ज्वाळा मोठ्या पोकळीतलं विरळ मिश्रण सावकाश पेटवायची. डिझेल इंजिनांत अशी कोठडी आधीपासून होती. पण पेट्रोलच्या धुरावर तिचा उतारा करणं, हे कौतुकाचं.

सीव्हीसीसी नावाचं हे इंजिन ऑक्टोबर १९७२ मध्ये जाहीर झालं. डिसेंबरात मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथं सरकारी चाचणी झाली आणि १९७५ ची मर्यादा त्यानं सर्वांत आधी पार केली. छोट्या इंजिनाला हे जमेल, मोठ्याचं काय, अशी शंका निघाली. तेव्हा होंडानं एका आठ सिलिंडरच्या शेव्हरले इम्पालालाच हा साज चढवला. तीही उत्तीर्ण झाली!

या इंजिनाला धूर गाळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागत नसे. त्यामुळे शिसंयुक्त पेट्रोलही चालत असे. आपल्याकडे मुंबईसह चार महानगरांत नव्या मोटारींना कन्व्हर्टर आणि शिसंविरहित पेट्रोल आलं ते १९९५ साली, हे आठवलं की याचं मोल कळतं. पुढे तिहेरी काम करणारे कन्व्हर्टर आणि इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी आली. त्यांना विरळ नव्हे, अगदी काटेकोर मिश्रण हवं असतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सीव्हीसीसी मागं पडलं.

इंजिन तयार होत असताना होंडा म्हणत, की अमेरिकी कंपन्यांची बरोबरी करण्याची ही संधी आहे. तरुण अभियंत्यांनी त्यांना सांगितलं, की आम्ही हे कंपनीसाठी नाही, समाजासाठी करतोय. आपण जुने झालो, हे होंडांना त्या वेळी जाणवलं. १९७३ साली ते आणि फुजिसावा एकदमच निवृत्त झाले.