माणसासाठी बंदी, हरणासाठी सक्ती: एका गोळीचा इतिहास

गोळी एकच आहे. युद्धात ती शत्रूच्या सैनिकावर झाडायला आंतरराष्ट्रीय करारानं मनाई आहे. इंग्लंडमध्ये हरणाची शिकार करायची असेल तर मात्र तीच वापरावी लागते, दुसरी वापरली तर गुन्हा. कोडं वाटेल, पण दोन्ही नियम आज लागू आहेत. ते कसे आले, हे सांगण्यासाठी ही पोस्ट. थोडी लांब आहे, सवडीनं वाचा.

मी शिकारी नाही, शिकारीचा समर्थकही नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेच्या शिकारीचा विषय जवळपास संपलाच. पण विस्कॉन्सिनला राहणाऱ्या माझ्या मावसभावानं मध्यंतरी विचारलं, "इथे हरणाचा सीझन आला की लोक गॅरेजमध्ये बसून घरीच काडतुसं भरतात. दुकानात तयार मिळत असताना हा उपद्व्याप कशाला?" उत्तर शोधायला अमेरिकेतून निघालो आणि पोचलो थेट कोलकात्याजवळच्या दमदमला.

आधी हा उपद्व्याप काय आहे ते बघू. काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की टोपी, दारू, गोळी संपते, पुंगळी मात्र शाबूत राहते. ती पुन्हा मापात दाबून घ्यायची, नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची, नवी गोळी बसवायची. दारूचं वजन ग्रेनमध्ये, आणि एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम. म्हणजे सोनाराच्या काट्याचं काम. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. दोन-तीनशे वर्षांपूर्वी जगातला प्रत्येक शिकारी आपला बार आपणच भरत होता. तयार काडतूस ही नंतरची सोय.

मग आज हाताने का भरायचं? पैसे वाचतात, आपल्या रायफलला नेमका मानवणारा बार सापडतो, ही दोन कारणं आहेतच. पण तिसरं कारण सगळ्यात मोठं: गोळी आपल्याला निवडता येते. आणि आपली सगळी गोष्ट या गोळीच्या निवडीचीच आहे.

१८८६ मध्ये फ्रान्सनं लेबेल रायफल आणली, धूर न करणाऱ्या दारूची. गोळीचा वेग एकदम वाढला. इतक्या वेगात नुसतं मऊ शिसं नळीच्या आतल्या पिळाला धरून राहत नाही, म्हणून त्यावर कडक धातूचं कवच आलं. कवचाची गोळी सरळ जाते, लांब जाते, पण शरीरातही तशीच आरपार जाते. मागे राहतं फक्त अरुंद भोक. हरणाच्या बाबतीत याचा अर्थ असा की जखमी जनावर पळतं, झाडीत शिरतं आणि तासन् तास तडफडून मरतं. म्हणून शिकाऱ्याला टोकाशी शिसं उघडं ठेवलेली गोळी लागते. ती आत गेल्यावर अळंबीसारखी फुलते, जखम रुंद होते, जनावर लवकर पडतं.

हीच गोष्ट ब्रिटिश सैन्याच्या लक्षात आली १८९५ च्या चित्रळ मोहिमेत. तक्रार अशी की .३०३ ची कवचाची गोळी लागूनही सरहद्दीवरचे पठाण थांबत नाहीत. त्यावर दमदमच्या शस्त्रागाराचा अधिकारी कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यानं टोकाचं कवच किंचित उघडं ठेवून गोळी बनवली. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत ती आफ्रिदींवर वापरली गेली. 'दमदम' हा शब्द जगभरच्या भाषांत शिरला तो असा. आज आपण दमदम म्हटलं की विमानतळ आठवतो!

यानंतरचा भाग मला सगळ्यात बोलका वाटतो. जर्मनीत ट्युबिंगनचे शल्यविशारद प्राध्यापक ब्रुन्स यांनी फुलणाऱ्या गोळ्यांच्या चाचण्या घेतल्या. जखमा भयानक निघाल्या आणि युरोपभर गहजब झाला. ब्रिटिशांनी आक्षेप घेतला की ब्रुन्स यांनी दमदमची गोळी वापरलेलीच नाही, त्यांनी वापरली ती शिकारीची गोळी, टोकाशी बरंच जास्त शिसं उघडं असलेली. आक्षेप तांत्रिकदृष्ट्या खरा होता. म्हणजे बघा, माणसांच्या युद्धाचा नियम ठरवताना पुराव्यात होती ती जनावरांसाठी बनवलेली गोळी.

१८९९ च्या हेग परिषदेत बंदीचा ठराव आला. ब्रिटन आणि अमेरिकेनं विरोध केला. ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांचा युक्तिवाद थोडक्यात असा होता: सुसंस्कृत देशाचा सैनिक गोळी लागली की मागे फिरतो, 'रानटी' माणूस फिरत नाही, तो अंगावर येतच राहतो, म्हणून त्याच्यासाठी ही गोळी हवी. ठराव तरीही झाला. पण त्यातलं एक कलम नीट वाचण्यासारखं आहे. बंदी लागू होती ती फक्त करार करणाऱ्या देशांच्या आपापसातल्या युद्धात. आफ्रिदींनी काही हेगला सही केलेली नव्हती. त्यांना हेगमध्ये कुणी बोलावलंही नव्हतं. ब्रिटन या ठरावात आलं १९०७ मध्ये.

त्याच सुमाराचा आणखी एक प्रकार. ब्रिटिश सरकारनं हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये .४५० मापाच्या शिकारी रायफलींवर बंदी घातली. वाघ-हत्ती मारणारे साहेब वैतागले आणि लंडनच्या बंदूकवाल्यांनी .४७० वगैरे नवी मापं काढली. बंदीचं कारण काय, तर जुन्या मार्टिनी-हेन्री लष्करी रायफली त्याच मापाच्या होत्या आणि त्या बऱ्याच जणांच्या हाती पडल्या होत्या. शिकारीच्या काडतुसांतल्या गोळ्या काढून बंडखोर त्या रायफलींचे बार भरतील, ही भीती. गॅरेजमधला आजचा छंद तेव्हा साम्राज्याला धोका वाटत होता!

शिकारीत मात्र फुलणारी गोळी राहिली, आणि पुढे सक्तीची झाली. इंग्लंडच्या १९९१ च्या हरीण कायद्यात स्पष्ट लिहिलंय: गोळी मऊ टोकाची किंवा पोकळ टोकाचीच हवी, रायफलचं माप .२४० इंचांपेक्षा कमी नको, नळीतून सुटताना ऊर्जा १७०० फूट-पौंडांपेक्षा कमी नको. अमेरिकेतल्या अनेक राज्यांतही हरणासाठी पूर्ण कवचाची गोळी चालत नाही. घरी काडतूस भरणाऱ्याला हे सगळं आकड्यांत बसवावं लागतं, कारण दारू कमी पडली तर गोळी फुलतच नाही, आणि जास्त झाली तर नळीतला दाब धोक्याच्या पलीकडे जातो.

या गोळीत सुधारणा कुणी केल्या? बऱ्याचशा याच घरगुती मंडळींनी. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यानं लष्कराची उरलेली दारू विकत घेऊन अशा लोकांना विकायला सुरुवात केली आणि छंद फोफावला. १९४६ मध्ये जॉन नॉस्लरला ब्रिटिश कोलंबियात मूस मारताना अडचण आली. गोळ्या वरच्यावरच फुटत होत्या, आतपर्यंत पोचतच नव्हत्या. त्यानं स्वतःच मधोमध धातूची भिंत असलेली गोळी बनवली: पुढचा भाग फुलतो, मागचा टिकतो. १९४८ मध्ये त्यातून कंपनी उभी राहिली. १९८९ मध्ये बार्न्स कंपनीनं शिसं पूर्ण काढून अखंड तांब्याची गोळी बाजारात आणली. हेतू पर्यावरणाचा नव्हता, गोळी आत खोलवर जावी एवढाच होता. पण पुढच्या वादात तीच कामाला आली.

तो वाद शिशाचा. फुलणारी शिशाची गोळी शरीरात बारीक कण सोडते. शिकारी हरणाची आतडी रानातच टाकतो आणि ती गिधाडं खातात. कॅलिफोर्नियाच्या काँडोर गिधाडांची संख्या १९८२ मध्ये अवघी २२ उरली होती. त्यांना पकडून, पैदास करून पुन्हा सोडलं, तर ती शिशाच्या विषबाधेनं मरू लागली. २००८ मध्ये नॉर्थ डाकोटात एका डॉक्टरनं गरिबांच्या अन्नकेंद्रांना दान मिळालेलं हरणाचं मांस स्कॅन केलं. निम्म्याहून जास्त पाकिटांत धातूचे कण दिसले. नंतर ७३८ लोकांचं रक्त तपासलं गेलं. शिकारीचं मांस खाणाऱ्यांत शिसं थोडं जास्त निघालं, मात्र तेव्हाच्या धोक्याच्या रेषेपलीकडे कुणीच नव्हतं. दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचं वाक्य उचललं.

उपाय दोन तऱ्हेचे झाले. कॅलिफोर्नियानं २०१३ मध्ये कायदा करून १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशावर पूर्ण बंदी आणली. ॲरिझोनानं सक्ती न करता २००५ पासून काँडोरच्या भागातल्या शिकाऱ्यांना बिनशिशाची काडतुसं फुकट दिली, आणि बहुतेकांनी ती वापरली. वॉशिंग्टनमध्ये मात्र खेळखंडोबा. ओबामा प्रशासनानं जाता जाता, १९ जानेवारी २०१७ ला, राखीव वन्यजीव क्षेत्रांतून शिसं टप्प्याटप्प्यानं हटवण्याचा आदेश काढला. नवे मंत्री झिंके यांनी २ मार्चला तो रद्द केला.

विरोध करणाऱ्यांची तक्रार अगदीच फुसकी नाही. शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९. तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, पुंगळीत दारूची जागा खाते आणि जुन्या रायफलच्या पिळाला कधी कधी मानवत नाही. वेग कमी पडला तर ती नीट फुलत नाही. म्हणून १५० ग्रेनच्या शिशाऐवजी १३० ग्रेनचं तांबं घ्यायचं, वेग वाढवायचा, दारूचं प्रमाण नव्यानं बसवायचं. दुकानातून डबा आणणाऱ्याला हे जमत नाही. घरी भरणाऱ्याला जमतं, आणि त्यानंच ते आधी करून दाखवलं.

माझं मत इथे येऊन ठरतं. आपल्याकडे गिधाडं डायक्लोफेनॅकनं मेली. जनावरांसाठीच्या या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, तेव्हा मेलॉक्सिकॅम हा पर्याय हाताशी होता. पर्याय तयार असेल तर बंदीला 'अत्याचार' म्हणण्यात अर्थ नाही, आणि तांब्याची गोळी आज तयार आहे. पण ॲरिझोनाचा धडाही विसरू नये: आधी पर्याय लोकांच्या हातात द्या, मग नियमाचा दंडुका काढा.

आणि कोणताही नियम वाचताना एवढं बघा, की त्याचा फटका ज्यांना बसणार त्यांची मोजदाद नियम करणाऱ्यांनी केली होती का. १८९९ मध्ये आफ्रिदी मोजले गेले नव्हते. शिशाच्या बाबतीत कितीतरी वर्षं गिधाडं आणि अन्नकेंद्राच्या रांगेतली माणसं मोजली गेली नव्हती. कुणाचं वेगळं मत असेल तर जरूर मांडा. फक्त शिकार चांगली की वाईट या वादात शिरू नका, तो वेगळा विषय आहे.