ध्वनिफाइल चुकीची वाजणे (संपादनातील)

रेकॉर्डरवर स्वच्छ ऐकू आलेली ध्वनिफाइल संगणकावरच्या संपादन-सॉफ्टवेअरमध्ये उघडताच संथ किंवा घाईने वाजते, तिची पट्टी उतरते वा चढते, कधी नुसती खरखर येते, तर कधी ती मुकीच राहते. अशा सर्व दोषांची ही नोंद आहे. यांतल्या बहुतेक प्रसंगी ध्वनी शाबूत असतो, तो वाचण्यात चूक झालेली असते. म्हणून आवाज ताणून, आखडून किंवा फिल्टर लावून ‘बरा’ करू पाहणे हा उपाय नव्हे. त्याने दोष झाकला जातो आणि मूळ पुरावा बिघडतो.

पुरावा हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. उदाहरणार्थ, उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातील कॅसलरॉक हे गोव्याच्या सीमेवरचे, घाटमाथ्यावरचे रेल्वेस्थानक. भोवती काळी व्याघ्र प्रकल्पाचा मुलूख, पावसाळ्यात अखंड कोसळणारा पाऊस आणि 1:37 इतक्या तीव्र चढाच्या ब्रागांझा घाटातून ये-जा करणाऱ्या गाड्या. इंद्रनील दास आणि कृष्णमेघ कुंटे यांनी 2005 मध्ये ‘निक्टिबॅट्राकस पेट्रियस’ या बेडकाचे नवी जात म्हणून वर्णन केले ते इथल्याच नमुन्यांवरून. बेडकाची जात ठरवताना त्याच्या ओरडण्याची वारंवारताही पाहिली जाते. 1,500 हर्ट्‌झची हाक चुकीच्या दराने वाचली गेली, तर ती 1,378 हर्ट्‌झची दिसते आणि तुलनाच फसते. गाण्याच्या ध्वनिमुद्रणात असा दोष कानाला निदान खटकतो. रानातल्या अनोळखी आवाजात तो कुणाच्या लक्षातही येत नाही.

वेग आणि पट्टी एकदम बदलली असेल, तर पहिला संशय सॅम्पल रेटवर घ्यावा. ध्वनीची सेकंदाला किती वेळा मोजणी झाली, तो हा दर. सीडीसाठी तो 44,100, तर चित्रफितींच्या कामात सहसा 48,000 असतो. 48,000 दराची फाइल 44,100 समजून वाजवली, तर दहा मिनिटांचे रेकॉर्डिंग 10 मिनिटे 53 सेकंद चालते आणि पट्टी जवळजवळ दीड अर्धस्वर उतरते. दर उलटा चुकला, तर तेवढीच चढते. पेटीवरची खूण याहून सोपी. पांढरी 2 चा षड्ज पांढरी 1 आणि काळी 1 यांच्या मधोमध येऊन पडतो, म्हणजे कोणत्याच पट्टीशी जुळत नाही. गायक सुरात असूनही पेटीशी मेळ बसत नसेल, तर गायकाला दोष देण्याआधी दर तपासावा.

पेटी नसेल तेथे विजेची गुणगुण कामी येते. भारतात वीजपुरवठ्याची वारंवारता 50 हर्ट्‌झ आहे. स्थानकाच्या किंवा घराच्या आसपास केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये 50 किंवा तिच्या दुप्पट 100 हर्ट्‌झवर बारीक रेघ बहुधा सापडते. वर्णपटात 50 ची रेघ 46 च्या जवळ दिसली, तर 48,000 ची फाइल 44,100 म्हणून वाचली जात आहे. 54 च्या थोडी वर दिसली, तर उलट. भर जंगलात मात्र ही सोय नसते.

ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये येथे एक गल्लत वारंवार होते. ट्रॅकच्या मेनूतला ‘रेट’ बदलला की नमुने तसेच राहतात, फक्त ते वाजवण्याचा वेग बदलतो. चुकीचा दर दुरुस्त करायला हेच हवे. ‘रीसॅम्पल’ निवडले तर नवे नमुने तयार होतात, वेग व पट्टी आहे तशीच राहते आणि चूक फाइलमध्ये कायमची बसते.

वेग बदलला म्हणजे दोष, या नियमाला वटवाघळांची रेकॉर्डिंगे अपवाद आहेत. कॅसलरॉकपासून फार लांब नसलेल्या, खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत ‘ओटोमॉप्स रॉटनी’ हे दुर्मीळ वटवाघूळ राहते. वटवाघळांच्या हाका बहुतांशी माणसाच्या श्रवणमर्यादेपलीकडच्या असल्याने त्या सेकंदाला 3,84,000 अशा दरानेही टिपतात आणि ऐकण्यासाठी दहापट संथ करून ठेवतात. अशी फाइल दहापट लांब वाजते ती हेतूनेच. तिला दुरुस्त करू नये.

नुसती खरखर येत असेल, तर हेडर पाहावे. वेव्ह फाइलच्या आरंभी, साधारणपणे 44 बाइटांत, दर, चॅनेल, प्रत्येक नमुन्याचे बिट आणि एकूण लांबी लिहिलेली असते. रेकॉर्डरची बॅटरी मध्येच संपली, तर लांबीचा आकडा शून्य राहतो आणि सॉफ्टवेअर फाइल रिकामी समजते. कार्डावर ध्वनी बहुधा असतोच. तो ‘इम्पोर्ट रॉ डेटा’ने आणता येतो, पण दर, बिट, चॅनेल आणि बाइटांचा क्रम स्वतः सांगावा लागतो. 24 बिटांची फाइल 16 बिटांची म्हणून उघडली, की पावसासारखा सपाट गोंगाट ऐकू येतो. कॅसलरॉकच्या रेकॉर्डिंगमध्ये तो खऱ्या पावसापासून वेगळा ओळखणे अवघड जाते, म्हणून कानावर न विसंबता आलेखाचा आकार पाहावा. लांबीचा आकडा 32 बिटांचा असल्यामुळे साध्या वेव्ह फाइलला 4 जीबीची मर्यादा आहे. रात्रभर चालणाऱ्या रेकॉर्डिंगसाठी आरएफ64 हे रूप किंवा तुकडे करणारा रेकॉर्डर निवडावा.

फाइल मुकी वाटली, तर कारण फाइलबाहेरही असू शकते. ऑडॅसिटीच्या 3.0 पूर्वीच्या आवृत्त्यांत ‘एयूपी’ फाइलमध्ये ध्वनी नसे, तो शेजारच्या ‘_डेटा’ फोल्डरात असे. फक्त पहिली फाइल पेनड्राइव्हवर नेली, तर दुसऱ्या संगणकावर शांतताच मिळे. दोन चॅनेल परस्परांच्या उलट कलेत असले, तर हेडफोनवर आवाज येतो, पण फोनच्या एकाच स्पीकरवर तो विरून जातो. एक चॅनेल उलटा केला की प्रश्न सुटतो. फाइल फोनवरच्या संभाषणासारखी चेपलेली वाटत असेल, तर ब्लूटूथ हेडसेट माइकसह कॉलच्या मोडमध्ये गेला आहे का, ते पाहावे. मधूनमधून टकटक येत असेल, तर तो तुकडा नव्या फाइलमध्ये काढून दुसऱ्या यंत्रावर ऐकावा. तेथे टकटक नसेल, तर दोष वाजवणाऱ्या संगणकाचा. एमपी3 फाइलमध्ये बिटरेट बदलता असेल, तर वेळ चुकीची दिसू शकते, म्हणून संपादनापूर्वी ती वेव्हमध्ये उतरवावी.

दोन यंत्रांवर घेतलेली रेकॉर्डिंगे आरंभी जुळून शेवटी सुटतात, कारण प्रत्येक यंत्राचे घड्याळ किंचित निराळे चालते. दहा लाखांत 20 भागांचा फरकही तासाला 72 मिलिसेकंदांचा होतो. त्यासाठी आरंभी आणि शेवटी टाळी वाजवण्याची जुनी रीत आजही उत्तम आहे. फाटलेला आवाज मात्र या दोषांत मोडत नाही. इंजिन जवळून गेल्यावर पातळी ओलांडली गेली असेल, तर तो ध्वनी टिपतानाच हरवला आहे. कोणतीही सेटिंग तो परत आणू शकत नाही.

रानात रेकॉर्डिंग सुरू करताना स्थळ, तारीख, यंत्र आणि सॅम्पल रेट स्पष्ट आवाजात बोलावे, 440 हर्ट्‌झचा सूरकाटा एकदा वाजवावा आणि मूळ फाइलची दुसरी प्रत तपासून होईपर्यंत कार्ड पुसू नये.