बर्फावरचं रक्त कुणी पुसलं?

मी आयुष्यात कधी स्केट्स पायात घातलेले नाहीत. बर्फाशी माझा संबंध काला खट्टा गोळ्यापुरता. पण आईस हॉकीत 'वन-टायमर' म्हणजे काय, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. दोष एका व्हिडिओ गेमचा: एनएचएल '९४.

आमच्या लहानपणी व्हिडिओ गेम म्हणजे कॅसेट फुंकून लावायची आणि मारिओला पळवायचं. पुढे नोकरीत ऑनसाईट म्हणून शिकागोजवळ एक हिवाळा काढला. पाच वाजता अंधार, बाहेर उणे पंधरा, बोलायला कुणी नाही. टीममधला एक तिथलाच सहकारी शनिवारी घरी बोलवायचा. त्याच्या तळघरात जुना सेगा जेनेसिस होता. तो अर्थातच शिकागो ब्लॅकहॉक्स घ्यायचा, आणि त्या टीममधला जेरेमी रोनिक म्हणजे या गेममधला सचिनच. पहिल्या रात्री ९-० हरलो. :-)

त्याच्याकडे आदल्या वर्षीची आवृत्तीही होती. तिच्यात खेळाडू हातमोजे टाकून गुद्दागुद्दी करत. जोरात आपटलेला गडी बर्फावर पडून राही आणि डोक्याखाली लाल थारोळं पसरे. आम्ही खो खो हसायचो. '९४ लावल्यावर मी विचारलं, "अरे, मारामारी कुठे गेली?" तो म्हणाला, "लीगने काढायला लावली."

गोष्ट खरी होती. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा पहिला एनएचएल हॉकी १९९१ मध्ये आला. त्यात लीगच्या टीम होत्या, पण खेळाडूंची नावं नव्हती, नुसते नंबर. १९९२ मध्ये उलट झालं: खेळाडूंच्या संघटनेचं लायसन्स मिळालं, लीगचं नाही. म्हणजे माणसं खरी, पण टीमला फक्त शहराचं नाव. १९९३ च्या एनएचएल '९४ मध्ये दोन्ही लायसन्स एकत्र आली. मात्र लीगला पडद्यावर मारामारी आणि रक्त नको होतं. गंमत बघा, खऱ्या मैदानात मारामारीची शिक्षा पाच मिनिटं बाहेर बसणं, एवढीच होती! पडद्यावरचं थारोळं पुसलं, बर्फावरचं तसंच राहिलं.

क्लायंटने एखादं फीचर काढायला लावलं की आपण कसे कातावतो, माहीत आहेच. पण इथे गेम बिघडला नाही, उलट सुधारला. वन-टायमर आला: पास दिल्यावर पक पोचायच्या आधीच शॉटचं बटण दाबायचं, म्हणजे खेळाडू तो न थांबवता थेट गोलकडे हाणतो. गोलकीपर स्वतः हलवता येऊ लागला. यजमान टीमप्रमाणे स्टेडियममधल्या ऑर्गनची धूनही बदलू लागली.

जेनेसिसची आवृत्ती लिहिणारा प्रोग्रॅमर होता मार्क लेसर. याच माणसाने १९७० च्या दशकात मॅटेलचा ऑटो रेस हा हातात धरायचा गेम जेमतेम ५१२ बाइटमध्ये बसवला होता. (आपल्या ईमेलची सहीसुद्धा त्यापेक्षा मोठी असते.) त्याच्या हिशेबाने एनएचएल '९४ ची मेगाबाइटभराची कॅसेट म्हणजे बंगलाच. तरीही त्यात एक बग राहिलाच. धडक देताना वजनाचा हिशेब उलटा लागतो, त्यामुळे हलका खेळाडू जाडजूड गड्याला सहज लोळवतो. कुठेतरी अधिकच्या जागी उणे पडलं असावं, हा माझा अंदाज. कॅसेट एकदा दुकानात गेली की पॅच नाही. मग लोकांनी त्या बगलाच नियम मानलं. आजही या गेमच्या स्पर्धा खेळणारे टीम निवडताना वजन बघतात, आणि कमी असेल तर खूष होतात.

इथवर सगळी गंमत. पण एक गोष्ट मला नंतर कळली, आणि ती डोक्यातून जात नाही. माझ्या त्या सहकाऱ्याचा लाडका खेळाडू होता बॉब प्रोबर्ट. आधी डेट्रॉइटचा, मग २००२ पर्यंत शिकागोचा. गोलपेक्षा गुद्द्यांसाठी प्रसिद्ध. २०१० च्या जुलैमध्ये तो गेला, अवघ्या ४५ व्या वर्षी, हृदयविकाराने. २०११ मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी सांगितलं, की त्याच्या मेंदूत सीटीई हा आजार सापडला. डोक्याला वारंवार मार बसणाऱ्यांच्या मेंदूत सापडणारा आजार.

त्या तळघरात आम्ही ज्याला हसत होतो, ते थारोळं आठवलं आणि गप्प झालो.

लीगने रक्त पुसायला लावलं ते बहुधा अब्रूसाठी, खेळाडूंच्या काळजीपोटी नव्हे. तसं असतं तर आधी मैदानावरचं पुसलं असतं. पण झालं ते बरंच झालं. २०२० मध्ये कंपनीने नवे खेळाडू घालून हाच गेम 'एनएचएल ९४ रिवाइंड' म्हणून पुन्हा आणला. सत्तावीस वर्षांनी लोकांना हवी होती ती मारामारी नसलेलीच आवृत्ती!

असो. गेल्या शनिवारी लेकीला शिकवायला बसलो. तिने तिसऱ्याच मॅचला वन-टायमर मारला. मी शिकागो घेऊनही हरलो.