टोपणनाव एकाचं, अक्षर दुसरीचं

रोवणी आटोपली, कंबर अजून सरळ झाली नसेल, तरी रेडिओ लावलात हे बरं केलंत. आज मी एक जुनी हकीकत सांगणार आहे. ती का सांगावीशी वाटली ते ओघात येईलच.

1974 साल. मुंबईच्या मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. विज्ञानकथा म्हणजे विज्ञानाचा धागा पकडून पुढं काय होऊ शकेल, हे रंगवलेली गोष्ट. स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. तिला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर! ज. वि. ना. ही अक्षरं उलटी करून त्यांनी ना. वि. ज. केलं होतं. तेव्हाच ते जगभर नावाजलेले शास्त्रज्ञ होते, 1965 सालीच त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. नाव बघून बक्षीस मिळू नये, गोष्ट बघून मिळावं, असं त्यांना वाटलं. पण अक्षरही ओळखू आलं तर? म्हणून कथा उतरवून काढली त्यांच्या पत्नीनं, मंगलाताईंनी.

ही हकीकत सांगताना लोक इथंच हसतात आणि पुढं जातात. मी मात्र त्या अक्षराशी अडले.

मंगला नारळीकर कोण होत्या? 1964 साली मुंबई विद्यापीठात गणितात एम. ए. करून पहिल्या आलेल्या, सुवर्णपदक मिळवलेल्या. मुंबईच्या टाटा संस्थेत त्यांनी संशोधन सुरू केलं. मग लग्न, केंब्रिजमधला संसार, मुली, सासू-सासऱ्यांची काळजी. गणितातली पीएच. डी. झाली 1981 साली, लग्नानंतर सोळा वर्षांनी. शिकलेल्या असूनही घराला आधी आणि स्वतःच्या कामाला मागून जागा देणाऱ्या पिढीतल्या आपण, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. आणि 2019 साली दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ आलं म्हणून गदारोळ झाला, आठवतं? त्या गणिताच्या समितीच्या प्रमुख त्याच. पोरांना आकडे सोपे जावेत एवढाच त्यांचा हेतू होता. किती टिंगल झाली तेव्हा! 2023 साली त्या गेल्या.

याच कथेचं पुढं एका बाईनंच कौतुक केलं. 1975 साली कऱ्हाडला साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष दुर्गा भागवत. आणीबाणीचे दिवस होते, आणि त्या तिथं सरकारला घाबरल्या नाहीत हे बहुतेकांना ठाऊक आहे. त्याच भाषणात त्यांनी विज्ञानकथेची दखल घेतली, हे कमी जणांना ठाऊक आहे. तोवर अशा गोष्टींना साहित्यात धरायचं की नाही, असाच सूर होता. संमेलनाच्या अध्यक्षपदी बसलेल्या त्या दुसऱ्याच बाई. पहिल्या आपल्या विदर्भातल्या, नागपूरला शिकवणाऱ्या कुसुमावती देशपांडे, 1961 साली. मराठीत विज्ञानकथा लिहिणाऱ्या बायाही आहेत. शुभदा गोगटे यांची ‘यंत्रायणी’ ही कादंबरी मिळाली तर वाचा. पण विज्ञानकथाकार म्हटलं की लोकांच्या तोंडी आधी पुरुषांचीच नावं येतात. मी लहानपणी वाचलेल्या गोष्टींतही शास्त्रज्ञ बुवा असायचे, आणि बाई आली तर चहा घेऊन.

अमेरिकेत तर उलटाच प्रकार झाला. ॲलिस शेल्डन नावाची बाई सैन्यात राहिलेली, मानसशास्त्रात पीएच. डी. केलेली. 1967 साली दुकानात मुरंब्याच्या बरणीवर तिला ‘टिपट्री’ हे नाव दिसलं. जेम्स टिपट्री असं पुरुषाचं नाव घेऊन ती लिहू लागली. 1975 साली एका मोठ्या लेखकानं तिच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिलं की हे लिखाण पुरुषाचंच असणार, बाईचं वाटत नाही. पुढच्या एक-दोन वर्षांत खरं बाहेर आलं. त्या लेखकानं चूक कबूल केली, हे त्याचं चांगलं. तिथला ‘ह्यूगो’ हा मोठा पुरस्कार 1953 पासून आहे, पण बाईला तो पहिल्यांदा मिळाला 1968 साली. अलीकडं एन. के. जेमिसिन या कृष्णवर्णीय लेखिकेला कादंबरीसाठी तो ओळीनं तीन वर्षं मिळाला, 2016 ते 2018. त्याच सुमारास काही जण ओरडत होते की हे पुरस्कार भलत्यांना मिळू लागले. वाटेकरी वाढले की असं होतंच, आपल्याही गावात होतं.

आणि स्वतःच्या नावानं लिहिणारी? ती आपल्या देशात फार आधी होऊन गेली. रुकैया सखावत हुसेन, बंगालच्या. 1905 साली मद्रासच्या बायकांच्या मासिकात त्यांची ‘सुलतानाचं स्वप्न’ ही गोष्ट छापून आली. तिच्यात बायांचं राज्य आहे, पुरुष पडद्यात आहेत. बायांच्या विद्यापीठांनी ढगांतून पाणी उतरवलं आहे, उन्हाची उष्णता साठवली आहे. स्वयंपाक उन्हावर होतो, घरात धूर नाही. एकशेवीस वर्षांपूर्वी, तायांनो! नवरा दौऱ्यावर असताना त्यांनी हे लिहून काढलं. त्यानं परत आल्यावर उभ्या उभ्याच वाचलं आणि हा तर भयंकर सूड आहे, असं म्हणाला म्हणे. पण त्यानंच लिहायला बळही दिलं होतं.

आता माझी गोष्ट. आमच्या गटातल्या एका ताईनं मामा तलावावर एक गोष्ट लिहिली आहे. पन्नास वर्षांनंतर तलावच बोलायला लागतो, गाळ कोणी काढला आणि कोणी काढला नाही हे नावानिशी सांगतो. मागच्या वर्षी मी ती इथं वाचली, ‘एका ताईनं लिहिली’ एवढंच म्हणून. तिनंच तसं सांगितलं होतं, घरचे हसतील म्हणून. दुसऱ्या दिवशी चौकात लोक मला म्हणाले, मॅडम, गोष्ट छान लिहिली तुम्ही. मी नाही म्हटलं. कोणी मानेना. एक जण म्हणाला, मग तिच्या नवऱ्यानं लिहिली असेल. ती शेजारीच भाजी घेत उभी होती, काही बोलली नाही.

या महिन्याच्या बैठकीत मी तिला जगतापांची आणि टिपट्रीची हकीकत सांगितली. तिनं विचारलं, “पण ते बुवा मोठे होते, नाव लपवलं तरी त्यांचं काय जाणार होतं?” मला उत्तर सुचलं नाही. बैठक संपल्यावर तिनं वही मागून घेतली आणि गोष्टीच्या वर काहीतरी लिहून परत दिली. पुढच्या मंगळवारी ती स्वतः इथं येऊन वाचणार आहे. नाव तीच सांगेल.