मंदावलेल्या खेळाचा जीर्णोद्धार

इ. स. १९९० च्या नोव्हेंबरांत जपानमधील निन्टेन्डो कंपनीनें ‘सुपर फॅमिकॉम’ हें खेळयंत्र विक्रीस आणलें. तें पडद्यावर सेकंदास सुमारें ६० चित्रें धाडी. परंतु त्याच्या मुख्य प्रोसेसरचा वेग फार तर ३.५८ मेगाहर्ट्झ. डिसेंबरांत कोनामी कंपनीचा ‘ग्रॅडियस ३’ हा अंतराळयुद्धाचा खेळ त्यावर आला. शत्रूंची व गोळ्यांची दाटी झाली कीं, एका चित्राच्या अवधींत सगळा हिशेब पुरा होईना आणि खेळ रांगूं लागे.

पुढें कांहीं खेळांच्या कार्ट्रिजमध्येंच ‘एसए-१’ हा १०.७४ मेगाहर्ट्झचा, म्हणजे तिप्पट वेगाचा, साहाय्यक प्रोसेसर बसविण्यांत आला. १९९६ चा ‘सुपर मारिओ आरपीजी’ हा त्यांपैकींच. ‘ग्रॅडियस ३’ मात्र तसाच राहिला. अखेर २०१९ सालीं ब्राझीलमधील एका हौशी प्रोग्रामरनें त्याची आज्ञावली उकलून, तिचें काम ‘एसए-१’कडे सोंपविणारा पॅच रचला व तो सर्वांस विनामूल्य दिला. संगणकावर जुन्या यंत्राचें अनुकरण करणाऱ्या इम्युलेटरांतहि तो चालतो.

परंतु वेगाबरोबर एक प्रश्नहि उद्भवला. खेळ मंदावे, तेव्हांच खेळाडूस गोळ्या चुकविण्यास अवसर मिळे. यंत्राचें दौर्बल्य हेंच त्याचें बळ होतें. तें आतां सरलें, व खेळ अधिक कठीण झाला. मग खरा खेळ कोणता? जाणता संपादक पोथीचा मूळ पाठ पुसून टाकीत नाहीं. शुद्ध पाठ समासांत नोंदवितो. पॅचहि मूळ खेळाहून वेगळा ठेवतां येतो. दोन्ही जपावे, हेंच इतिहासास इष्ट.