बेरी सेंट एडमंड्स : मठ, सनद आणि बाजार

इंग्लंडमधील ‘मार्केट टाऊन’ या संज्ञेचा ‘बाजाराचे गाव’ असा शब्दशः अर्थ केला, तर तिचा कायदेशीर आशय हरवतो. मध्ययुगीन इंग्लंडात बाजार भरविणे हा राजसत्तेने दिलेला हक्क होता. जकात, जागाभाडे व दंड ही त्याची फळे होत. सफोक परगण्यातील बेरी सेंट एडमंड्स या नगरीत हिंडताना हा आशय प्रत्यक्ष जमिनीवर रेखलेला दिसतो.

मठाच्या महाद्वारासमोरून चढणीने वर गेल्यास काटकोनात छेदणारे रस्ते व माथ्यावरील बाजार लागतो. ही आखणी मठाधिपती बाल्डविन (१०६५–१०९७) याच्या काळातील. पूर्वी नांगराखाली असलेल्या मठाच्या जमिनीवर ३४२ घरे उभी असल्याची नोंद १०८६ च्या ‘डूम्सडे’ पाहणीत आहे. अर्थात हे नगर आपोआप वाढलेले नव्हे. धन्याने उत्पन्नासाठी वसविलेले होते.

हे उत्पन्न किती जिव्हाळ्याचे होते, हे ब्रेकलंडच्या जोसेलिनच्या बखरीवरून कळते. ईलीच्या मठवासीयांनी जॉन राजाची सनद मिळवून लेकनहीथ येथे बाजार सुरू केला, तेव्हा १२०२ च्या सुमारास मठाधिपती सॅम्सनने सुमारे ६०० सशस्त्र माणसे रातोरात तेथे धाडली. त्यांनी खाटकांची दुकाने व विक्रेत्यांची मेजे उलथून टाकली आणि गुरे-मेंढरे हाकून नेली. बाजारांमध्ये किमान सहा पूर्णांक दोन तृतीयांश मैलांचे अंतर असावे, असा दंडक पुढे ब्रॅक्टनच्या नावावरील ग्रंथात आला. लेकनहीथ तर त्याच्या दुपटीहून दूर आहे. तेव्हा वाद केवळ गिऱ्हाईक तुटण्याचा नव्हता, सॅम्सनच्या अधिकारक्षेत्राचाही होता. जोसेलिन स्वतः याच मठातला, आणि काही काळ सॅम्सनच्या निकट वावरलेला. त्याच्या लेखणीत या धाडीबद्दल संकोच आढळत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

ज्यांच्या व्यवहारावर हा पैसा उभा होता, त्या नगरवासीयांना मात्र स्वतंत्र व्यापारी संघही नाकारला जात होता. १३२७ च्या जानेवारीत त्यांनी मठावर हल्ला चढवून तशी सनद बळाने लिहवून घेतली. ती टिकली नाही. त्या वर्षीच्या दंगलींत जुने महाद्वार नष्ट झाले. आजचे त्यानंतरचे आहे, आणि त्यातील बाणांच्या फटी नगराच्या दिशेने रोखलेल्या आहेत.

१५३९ मध्ये मठ विसर्जित झाला. तरीही नगरपालिकेची सनद मिळण्यास १६०६ साल उजाडावे लागले. बुधवारी व शनिवारी माथ्यावर आजही बाजार भरतो. खाली मठाच्या चर्चची पश्चिम भिंत भग्नावस्थेत उभी असून, तिच्या कमानींत नगरवासीयांनी पुढे बांधलेल्या घरांची दारे-खिडक्या दिसतात.